शिंदळ माकुडीची पाने गळली आणि लिथॉप्स फुटले : पाणी कुठे चुकले?

प्रश्न : सज्जातली बाग (ठाणे)

नमस्कार. मी ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि पश्चिमेकडच्या सज्जात गेली चार वर्षे निवडुंग व इतर सक्युलंट, म्हणजे पाने-खोडांत पाणी साठवणारी मांसल झाडे, लावते आहे. साधी झाडे, म्हणजे कोरफड, अडेनियम, जेड, दोन-तीन प्रकारचे युफोर्बिया, माझ्याकडे विनातक्रार वाढतात. यंदा मात्र दोन जरा दुर्मीळ झाडे आणली आणि दोन्ही बाबतींत माझे काहीतरी मोठे चुकले आहे, असे वाटते.

पहिले झाड लिथॉप्स, म्हणजे ज्याला 'जिवंत दगड' म्हणतात ते. जानेवारीत एका प्रदर्शनातून पाच रोपे घेतली. ती काळ्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुग्याच्या) छोट्या कुंड्यांत होती आणि मी ती तशीच ठेवली. दुसरे झाड शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया. मे महिन्याच्या शेवटी एका मैत्रिणीने तिच्या कुंडीतल्या झाडाच्या दोन फांद्या दिल्या आणि त्यांना तीन आठवड्यांत मुळे फुटली.

विक्रेत्याने सांगितलेला नियम मी दोन्हींना सारखाच लावला : पंधरा दिवसांतून एकदा अर्धी वाटी पाणी आणि पावसापासून पूर्ण आडोसा. जुलैत लिथॉप्सच्या कडांना सुरकुत्या दिसल्या म्हणून मी एक पाणी जास्त दिले. आठ दिवसांत तीन रोपांची साल उभी चिरली आणि आतला गर पाण्यासारखा होऊन ती गेली. उरलेल्या दोनांपैकी एकाची अवस्था विचित्र आहे. जुनी पाने वाळलीच नाहीत, त्यांच्यामधून दुसरी जोडी वर आली आणि आता त्यातूनही तिसरी डोकावते आहे. माकुडीची गोष्ट अगदी उलट झाली. जूनमध्ये तिला छान पोपटी पाने आली होती, ती ऑगस्टमध्ये पिवळी पडून एकेक करून गळाली आणि आता फक्त बोटभर जाडीच्या करड्या कांड्या उरल्या आहेत. कांड्या दाबून पाहिल्या तर घट्ट लागतात, म्हणजे कुज नसावी.

एकाच सज्जात, एकाच नियमाने, एक झाड जास्त पाण्याने मेले आणि दुसरे बहुधा कमी पाण्याने रुसले, असे का व्हावे? दोन्हींसाठी माती कोणती वापरावी? शिवाय एक गोष्ट विचारायची आहे. माकुडीची अवस्था मी एका झाडप्रेमींच्या गटात लिहिल्यावर एका गृहस्थांनी 'कड्यावरचे अस्सल, जुने, मोठे झाड' आणून देण्याची तयारी दाखवली आणि किंमतही सांगितली. मी अजून उत्तर दिलेले नाही.

उत्तर १ : खडकमाती (पुणे)

तुमच्या कांड्या घट्ट आहेत, ही सर्वांत चांगली बातमी आहे. शिंदळ माकुडी मेलेली नाही. तिला पावसाळा संपला असे वाटले आणि तिने उन्हाळ्याची तयारी केली, इतकेच.

हे झाड मुळात आपल्याच सह्याद्रीच्या कड्यांवरचे. जुन्नरच्या परिसरातून ते एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी प्रथम नोंदवले आणि १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड अशा मोजक्या ठिकाणी उभ्या कातळाच्या खाचांत ते लोंबत वाढते. ज्या गटातले हे झाड आहे, त्यातल्या बाकीच्या बहुतेक वनस्पतींना पाने नसतात किंवा असली तरी खवल्यांएवढी असतात. त्या फक्त मांसल, कोनदार खोडावर जगतात. फ्रेरियाला मात्र पावसाळ्यात खरीखुरी, रुंद, मऊ पाने येतात आणि कोरड्या ऋतूत ती गळून जातात.

यामागचे कारण फार सुंदर आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. आंबा, भात, गुलाब अशा नेहमीच्या वनस्पती दिवसा पानांवरची छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग आणि बरेचसे सक्युलंट ती छिद्रे दिवसा बंद ठेवतात व रात्री उघडतात, रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. यामुळे पाणी कमी उडून जाते, पण वाढ फार हळू होते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवले गेले की, फ्रेरियाची पाने पहिल्या पद्धतीने काम करतात आणि तिचे खोड दुसऱ्या पद्धतीने. म्हणजे पाणी मुबलक असते त्या चार महिन्यांत हे झाड उधळ्या हाताने वाढून घेते आणि पाणी संपले की उधळा भाग टाकून देऊन काटकसरी खोडावर आठ महिने काढते. तुम्ही ऐन पावसाळ्यात पंधरा दिवसांतून अर्धी वाटी पाणी दिलेत, तेव्हा पाने पोसणे परवडत नाही, असा हिशेब झाडाने केला.

आता करायचे ते साधे आहे. सप्टेंबर चालू आहे, अजून पाच-सहा आठवड्यांची वाढ मिळू शकते. मातीचा वरचा दोन बोटांचा थर कोरडा झाला की कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. या दिवसांत ते दर तीन-चार दिवसांनी होईल. पानांचे कोंब दिसले की महिन्यातून एकदा अगदी पातळ द्रवखत चालते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाणी कमी करत न्या. पाने पुन्हा गळतील, तेव्हा घाबरू नका. डिसेंबर ते मे या काळात महिन्यातून एकदा किंवा दोनदा, कांड्या फारच आक्रसल्या तरच पाणी द्या. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाबरोबर कुंडी उघड्यावर आणा. मी तर माझी झाडे जून ते सप्टेंबर सरळ पावसात ठेवतो.

मातीसाठी माझे मिश्रण असे आहे : दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि एक भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत. मुरूम चाळून त्यातली बारीक धूळ टाकून देणे महत्त्वाचे आहे. नाहीतर दोन पावसांत तो सिमेंटसारखा बसतो. कुंडी टांगती किंवा उंच ठेवा, कारण फांद्या आडव्या पसरून खाली लोंबतात आणि फुले त्या लोंबत्या टोकांकडे येतात. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखे, गडद तपकिरी-लाल आणि त्यावर पिवळसर नक्षी असते. नाक अगदी जवळ नेऊ नका, परागीभवनासाठी ते माश्यांना बोलावते.

उत्तर २ : कोरडवाहू (नाशिक)

माकुडीबद्दल वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी लिथॉप्सवरच लिहितो. गेली नऊ वर्षे मी ती बियांपासून वाढवतो आणि पहिल्या तीन वर्षांत तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त मारली आहेत.

लिथॉप्स दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातले. १८११ साली बर्चेल या प्रवाशाने प्रिस्का गावाजवळ एक चमत्कारिक गारगोटी म्हणून जमिनीतून काहीतरी उचलले आणि ते झाड निघाले, अशी त्याच्या शोधाची हकिकत आहे. ज्या भागात ही झाडे वाढतात तिथला पाऊस अगदी तुटपुंजा. नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या ल्युडेरिट्झ गावाच्या आसपास, जिथे लिथॉप्स ऑप्टिका सापडते, तिथे वर्षाला सुमारे २० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बराचसा ओलावा समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातून मिळतो. ठाण्यात जुलैच्या एखाद्या दुपारी याहून जास्त पडत असेल.

या झाडाचे सारे आयुष्य पानांच्या एका जोडीवर चालते. वर्षातून एकदा जुन्या जोडीच्या पोटात नवी जोडी तयार होते आणि ती आपले पाणी बाहेरून घेण्याऐवजी जुन्या जोडीतून शोषून घेते. जुनी पाने हळूहळू सुरकुततात, मग कागदासारखी होतात आणि नव्या जोडीभोवती टरफलासारखी चिकटून राहतात. आपल्याकडे ही अदलाबदल साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. या काळात पाण्याचा एक थेंबही द्यायचा नसतो. तुम्ही रोपे जानेवारीत घेतलीत आणि लगेच नियमाने पाणी सुरू केलेत. त्यामुळे जुन्या जोडीला वाळण्याचे कारणच उरले नाही. तुमचे ते तीन मजली रोप म्हणजे त्या पाण्याची पावती आहे.

जुलैतली चूक वेगळी. कडक उन्हाळ्यात आणि आपल्या दमट पावसाळ्यात लिथॉप्स झोपलेले असते. रात्री हवा गार झाली तरच ते छिद्रे उघडून नीट काम करते आणि किनारपट्टीवरच्या जुलैच्या रात्री ना गार असतात ना कोरड्या. अशा वेळी मुळांचे बारीक तंतू बहुतेक मेलेले असतात, कुंडीतले पाणी वापरले जात नाही, कोकोपीट ते आठ-आठ दिवस धरून ठेवते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. सुरकुती दिसली की पाणी, हा नियम ऑक्टोबरात बरोबर आहे. जुलैत तीच सुरकुती म्हणजे झोपेतली वळकटी आहे. ती तशीच राहू द्यावी.

आता उरलेल्या दोन रोपांना हात लावा, पण पाणी देऊ नका. कोकोपीटमधून काढा, मुळांना चिकटलेला सगळा भुगा जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच झाडा, काळी किंवा मऊ मुळे कापा आणि सावलीत वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस उघडी ठेवा. ती मरत नाहीत. मग किमान १० सेंटिमीटर खोल कुंडीत लावा, कारण त्यांचे मुख्य मूळ सरळ खाली जाते आणि प्रदर्शनातल्या दोन बोटांच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत ते गुंडाळले जाते. मिश्रणात पाचपैकी चार भाग ३ ते ५ मिलिमीटरची खडी आणि विटांचा चुरा, एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत. प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, मिळाला तर छानच, पण बांधकामाच्या ठिकाणची बारीक काळी खडी धुऊन घेतली तरी भागते. कोकोपीट मुळीच नको. या मुद्द्यावर माझे बऱ्याच जणांशी वाद होतात. कोरड्या जागी, रोज नजर ठेवणाऱ्याच्या हातात ते चालते, हे मला मान्य आहे. ठाण्यात ते चालत नाही.

पहिले पाणी ऑक्टोबरच्या मध्यावर, रात्री जरा गार वाटू लागल्यावर द्या. एकदा पूर्ण भिजवा आणि मग दोन-तीन आठवडे विसरा. रोप वयात आलेले असेल तर याच सुमारास दोन पानांमधल्या फटीतून पिवळे किंवा पांढरे फूल येते आणि ते दुपारनंतर उमलते. तीन मजली रोपाला मात्र ऑक्टोबरातही पाणी नको. बाहेरची जोडी कागद होईपर्यंत थांबा, मग ती फेब्रुवारीपर्यंत का चालेना. ऊन सकाळचे चार-पाच तास मिळाले तर उत्तम. तुमचा सज्जा पश्चिमेचा आहे, म्हणून मार्चपासून ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. दुपारच्या उन्हात तापलेली फरशी आणि भिंत कुंडीला खालून भाजते आणि आपण दोष पाण्याला देत बसतो.

जाता जाता, निळ्या, गुलाबी आणि इंद्रधनुषी लिथॉप्सच्या बियांच्या जाहिराती दिसल्या तर पुढे सरका. माझ्या ओळखीच्या एकाने त्या पेरल्या आणि उगवले ते गवत.

उत्तर ३ : सज्जातली बाग (ठाणे)

दोघांचेही मनापासून आभार. एकाच नियमाने दोन्ही झाडे का बिघडली, हे आता समजले. माझ्या मनात 'सक्युलंट म्हणजे कमी पाणी' एवढेच पक्के होते आणि ते पाणी कोणत्या महिन्यात कमी, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

एक शंका उरली. खडकमाती, तुम्ही माकुडी उघड्या पावसात ठेवता असे म्हणता, पण पुण्याचा पाऊस आणि ठाण्याचा पाऊस यांत फार फरक आहे. इथे ते चालेल का?

उत्तर ४ : निवृत्त शिक्षक (सातारा)

शंका रास्त आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ठाण्यात त्याच्या तिप्पट. कड्यावरचे झाड पावसात भिजते हे खरे, पण कातळ उभा असतो, खाचेतली माती मूठभर असते आणि पडलेले पाणी क्षणात वाहून जाते. कुंडी ही सपाट तळाची वाटी आहे. म्हणून ठाण्यात पावसाची तिरपी झड लागेल अशी सज्जाची कड निवडावी, थेट पागोळीखाली ठेवू नये, कुंडीखाली ताटली ठेवू नये आणि सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही तर कुंडी आत घ्यावी. पन्हाळीची धार ज्या कुंडीवर पडते, ती कुंडी कोणत्याही झाडाला मारते, मग ते झाड सह्याद्रीचे असो की आफ्रिकेचे.

आता त्या 'कड्यावरच्या अस्सल झाडा'विषयी. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे आणि विद्यार्थ्यांना घेऊन माकुडी पाहायला अनेकदा गेलो आहे. ते झाड घेऊ नका, आणि त्या गृहस्थांना नकाराचे कारणही स्पष्ट कळवा. हे झाड जगात महाराष्ट्राखेरीज नैसर्गिकरीत्या कुठेही वाढत नाही, आणि महाराष्ट्रातही ते काही थोड्या कड्यांवर, पुष्कळ ठिकाणी बोटांवर मोजण्याइतक्या संख्येने उरले आहे. चराई, वणवे आणि दरडी यांतून जे वाचले, ते हाताला पोहोचणार नाही अशा जागी आहे. म्हणूनच कोणी दोर लावून ते काढून आणतो, तेव्हा उरलेल्यांतला शेवटचा सुरक्षित भाग तो नेत असतो. राखीव जंगलातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे आणि शिवनेरीसारखा किल्ला तर केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे.

त्या व्यवहारात तुमचा फायदाही नाही. कड्यावरच्या जुन्या झाडाची मुळे खाचेत रुतलेली असतात, ती तुटतात आणि असे झाड कुंडीत क्वचितच रुजते. उलट तुमच्याकडे आहे तशी फांदी अत्यंत सहज लागते. जूनच्या सुरुवातीला चार-पाच बोटे लांबीची फांदी धारदार पात्याने कापावी. रुईच्या कुळातले झाड असूनही याचा चीक दुधासारखा नसून पाण्यासारखा असतो, म्हणून जखम पुसून घेऊन तीन-चार दिवस सावलीत वाळवावी आणि मग कोरड्या मुरमात आडवी टेकवून ठेवावी. एका झाडापासून तीन वर्षांत वीस झाडे करणे कठीण नाही. शिरवळजवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रात या झाडाच्या संवर्धनावर काम झाले आहे. कुंडीतून कुंडीत फांद्या देणे हीच संग्राहकांची त्या कामाला होणारी मदत आहे. तुमच्या मैत्रिणीने ती केली.

उत्तर ५ : उत्तरेची खिडकी (म्युनिक)

मी मूळची कोल्हापूरची, आता जर्मनीत राहते. इथल्या छंदी लोकांच्या काचघरांत मला माकुडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा चिठ्ठीवर 'कॅरालुमा फ्रेरेइ' असे जुने नाव होते. या झाडाची शास्त्रीय नावे इतक्या वेळा बदलली आहेत की फ्रेरिया, कॅरालुमा, बूसेरोशिया आणि सेरोपेजिया अशा चार चिठ्ठ्यांखाली एकच झाड मिळते. शोधताना हे ध्यानात ठेवावे.

इथले लोक कुज टाळण्यासाठी एक युक्ती करतात, ती ठाण्याच्या दमट हवेतही उपयोगी पडावी. 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणून जी हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल आपल्याकडे सगळ्या रोपवाटिकांत मिळते, ती सेरोपेजिया वूडी, माकुडीची चुलत बहीण आहे. तिच्या देठांवर बटाट्यासारखे छोटे कंद धरतात. असा सुपारीएवढा कंद वरून सपाट कापून त्यावर माकुडीचा ताजा कापलेला शेंडा ठेवायचा आणि रबराने आठवडाभर हलकेच दाबून धरायचा. कंदाची मुळे ओलाव्याला जास्त सोसतात, त्यामुळे कलम केलेले झाड सहसा कुजत नाही. दोन कांड्यांपैकी एकीचा शेंडा यासाठी वापरून पाहा आणि दुसरी तिच्या स्वतःच्या मुळांवर राहू द्या.

थंडीचा प्रश्न तुम्हाला नाही. मला मात्र ऑक्टोबर ते एप्रिल ती १२ अंशांच्या वर, दिव्याखाली आणि जवळजवळ कोरडी ठेवावी लागते. इकडे पाने जूनमध्ये येतात, म्हणजे पाऊस नसतानाही तिचा महिना तोच.

उत्तर ६ : सज्जातली बाग (ठाणे)

तीन आठवड्यांनी कळवते आहे. त्या गृहस्थांना नकार कळवला. दोन्ही लिथॉप्स खडीत लावली असून खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत कोरडी ठेवली आहेत. माकुडीला तुमच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या दिवशी पाणी देऊ लागले आणि दोन्ही कांड्यांच्या टोकांना मिळून सात पाने आली आहेत. मात्र आज सकाळी त्यातल्या दोन पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या आणि खाली एक सुरवंट सापडला : अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. निंबोळी तेल फवारू का?

उत्तर ७ : निवृत्त शिक्षक (सातारा)

फवारू नका. ते 'प्लेन टायगर' या केशरी फुलपाखराचे पिल्लू आहे आणि रुईच्या कुळातल्या झाडांवरच ते वाढते. सात पानांची माकुडी त्याला दोन दिवस पुरणार नाही, म्हणून पानाच्या तुकड्यासकट अलगद उचलून जवळच्या एखाद्या रुईच्या झाडावर सोडा. रुई ठाण्यात रेल्वे रुळांच्या कडेला भरपूर आहे. नंतर आठवडाभर पानांची खालची बाजू रोज पाहा, पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढी अंडी आणखी असू शकतात. पिवळा मावा दिसला तर तो मात्र साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसून काढा.